शॉचा सुट्टीवर आलेला फौजी कोल्हापुरात आणायचा, तर त्याच्या आईचं काय करायचं?

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी. यंदाच्या एकांकिकेवरून आमच्या ग्रुपात सरळ दोन तट पडलेत, म्हणून हा धागा काढतोय. संहिता बर्नार्ड शॉची आहे, 'ओ'फ्लॅहर्टी व्ही. सी.'. १९१५ साली लिहिलेली, चार पात्रांची, तासाभराच्या आत आटोपणारी. वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो.

पहिलं महायुद्ध चालू आहे. आयर्लंडमधल्या खेड्यातला एक गरीब कुळाचा पोरगा ब्रिटिश फौजेत जातो, पराक्रम गाजवतो, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिश फौजेचं सर्वोच्च शौर्यपदक, नाटकाच्या नावातलं 'व्ही. सी.' ते हेच) मिळवून गावी येतो. आता त्याला मिरवून नवीन भरती गोळा करायचं काम चाललंय. गावचा जमीनदार सर पियर्स, स्वतः जनरल, त्याच्या बंगल्याच्या आवारात सगळं नाटक घडतं. जर्मनांना न भ्यालेल्या या गड्याला एकच धास्ती आहे, आईची. म्हातारी हाडाची इंग्रजद्वेष्टी, आणि आपला लेक इंग्रजांच्या बाजूने लढतोय याचा तिला पत्ताच नाही. त्याने जाताना एवढंच सांगितलेलं की फ्रेंच आणि रशियन लोकांच्या बाजूने लढायला चाललोय. आता फ्रेंच आणि रशियन इंग्रजांशी नाही लढणार तर कुणाशी, हा म्हातारीचा हिशोब. पण पुढे तिच्या कानावर येतं की पोराने इंग्लंडच्या राजाशी हात मिळवला. म्हातारी येते ती कंबर कसूनच.

मग तेरेसा. जमीनदाराकडे कामाला असलेली मुलगी, हिच्याशी याचं जमलेलं. जर्मन कैद्याकडची सोन्याची साखळी तो तिला देतो, तर ती विचारते, सोनं खरं आहे ना? पाठोपाठ, पेन्शन किती बसेल? शेवटी सैनिकाच्या घरी येणाऱ्या भत्त्यावरून आई आणि तेरेसाची अशी जुंपते की जनरल आणि व्हिक्टोरिया क्रॉसवाला मिळून दोघींना घरात ढकलतात, आणि पोरगा म्हणतो, याच्यापेक्षा आघाडी बरी.

आता भांडण. आमचा दिग्दर्शक पंचविशीच्या आतला. त्याच्या मते आई हे हशा-टाळ्यांचं पात्र: अडाणी, आरडाओरडा करणारी, एंट्रीलाच लाफ्टर. आई करणाऱ्या ताईंनी वाचनातच सांगितलं, असली म्हातारी मी करणार नाही, दुसरी बघा.

मी ताईंच्या बाजूचा आहे, पण कारण थोडं वेगळं. या पोराला दोन म्हाताऱ्यांनी घडवलंय. आईने त्याला इतिहास पाजला: इंग्रजांचे सगळे सेनापती आणि कवी मुळात आयरिशच. जमीनदाराने राजा, देश, कर्तव्य पाजलं. दोघांची तोंडं दोन दिशांना, पण पोराच्या तोंडून दोघांनाही आपलंच पाठांतर ऐकायचंय. तो खंदकात राहून आलाय, आता त्याच्याच्याने दोन्ही पाठ म्हणवत नाहीत. अशा वेळी एकट्या आईला येडी ठरवलं तर जमीनदार अलगद सुटतो आणि उरतं काय, तर शहाणा मुलगा आणि खुळी आई. अशा एकांकिका आपण दर हिवाळ्यात बघतोच.

दुसरी अडचण रूपांतराची. पहिला खर्डा मी १९१७ चा केला. पोरगा बसऱ्याकडून आलेला, जमीनदाराच्या जागी इनामदार. सगळं बसलं, आईच बसेना. आयरिश बाईच्या पोटात इंग्रजांबद्दल पिढ्यान्‌पिढ्यांचा जाळ आहे. कोल्हापूर संस्थानातल्या म्हातारीचं राज्य महाराजांचं, गोरा साहेब तिने जन्मात पाहिला असेल नसेल. तिला राग यायचा कुणाचा?

सुचवा काहीतरी. एकच विनंती, धाग्याचा काश्मीर करू नका.

विंगेतून

निवड झकास. मागची हकीकत घालतो, ग्रुपात वाचून दाखवा. हे नाटक १९१५ च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या अॅबी थिएटरात व्हायचं ठरलं होतं. सरकारी अधिकाऱ्यांचा रोख पाहून ते मागे घ्यावं लागलं. शॉने उपशीर्षक दिलं होतं 'भरतीची पत्रिका', आणि त्याचं म्हणणं होतं की मी खरोखरच भरतीला मदत करतोय! आयरिश तरुणाला देशभक्ती सांगून तो येणार नाही, घरातून सुटका होईल सांगा, लगेच येईल. काही महिन्यांत, १९१६ च्या ईस्टरला, डब्लिनमध्ये उठाव झाला. त्यानंतर हे नाटक तिथे कोण करू देणार?

पहिला प्रयोग झाला तो थेट आघाडीवर. फेब्रुवारी १९१७, रॉयल फ्लाइंग कोअरच्या (ब्रिटिश फौजेचं तेव्हाचं विमानदळ) ४० व्या स्क्वाड्रनच्या लोकांनी केला. रॉबर्ट लोरेन हा मूळचा नट तेव्हा त्यांचा कमांडिंग ऑफिसर होता, त्यानेच ओ'फ्लॅहर्टी केला. शॉही त्या सुमारास आघाडीवर आला होता. म्हणजे घरच्यांना झेपलं नाही ते फौजेने हसून करून टाकलं. दिग्दर्शकाला हे सांगा, त्याला वाटत असेल विनोद फक्त आईवर आहे.

आणि एक, १९१५ म्हणजे आपलं पॅलेस थिएटर उभं राहिलं तेच साल. पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं ते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. त्यावर इथे लिहीत बसत नाही, विषय भरकटेल.

नियमावली

रूक्ष पण कामाचं. शॉ १९५० मध्ये गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०११ पासून भारतात शॉ मोकळा. रूपांतराला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. फौज हा विषय आहे, ऐनवेळी धावपळ नको.

पेठेतली पोर

तुमच्या ताईंना माझा दंडवत सांगा.

सगळे आईच्या इंग्रजद्वेषावर बोलताय, भत्त्यावर कुणीच बोलत नाही. भत्ता म्हणजे विनोदासाठी घातलेलं लोभीपण वाटतंय का? त्या लढाईत सैनिकाच्या बायकोला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला सरकारकडून परस्पर पैसे मिळायचे. जमीनदाराच्या जमिनीत आयुष्य काढलेल्या बाईच्या हातात कुणापुढे हात न पसरता आलेले हे पहिलेच पैसे असतील. आणि आता एक पोरगी येऊन म्हणते, लग्न झालं की हे माझे. म्हातारी भांडणार नाही तर काय ओवाळणार?

आपल्याकडे वेगळं होतं का? आजरा-चंदगडापासून शिरोळपर्यंत किती चुली मनीऑर्डरीवर पेटल्यात. माझ्या आज्जीला पोस्टमन कुठल्या वेळेला येतो ते सासूच्या आधी कळायचं, आणि त्यावरून घरात रोज धुसफूस. आजोबा कुठल्या लढाईत होते हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, कुठल्या महिन्यात किती आले ते बरोबर सांगायची.

तेव्हा तेरेसालाही 'पैशाला भुललेली' करू नका. पिढ्यांचा संघर्ष म्हणताय ना? ती त्याच्याच पिढीची आहे, तरी आईच्याच भाषेत बोलते. तिला साखळीचं वजन विचारावं लागतं कारण तिचं पुढचं सगळं त्या एका साखळीवर आहे. तो जग बघून आला, ती कुठे गेली होती?

मिरचीकांडप

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत आहे. सैनिक टाकळी तर गावाच्या नावातच सैनिक घेऊन बसलंय. तिथे जाऊन 'युद्ध बरं, घर नको' म्हणणारा फौजी दाखवणार? प्रेक्षक हसतील असं वाटतं का तुम्हाला? शॉ हुशार असेल त्याच्या घरी. सैनिकाच्या आईवर विनोद मला पटत नाही. स्पष्ट बोललो, राग नसावा.

चंदगडी काजू

@मिरचीकांडप भावा, मी भरतीचं करतोय. पहाटे साडेचारला रस्त्यावर असतोय, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचं असतंय. आमच्या अकॅडमीत सगळ्यात जास्त विनोद आईवरच चालतात, आणि रात्री सगळी पोरं फोन पण आईलाच लावतात. हसलं म्हणजे अपमान झाला असं न्हाई.

१९१७ वगैरे लांब वाटतंय. आत्ताचं करा की. अग्निवीर घ्या. चार वर्षं नोकरी, त्यातली २५ टक्के पोरं पुढं ठेवणार, बाकीची सेवा निधीचे ११ लाख ७१ हजार घेऊन घरी. पेन्शन न्हाई. आता तेरेसानं पेन्शन किती विचारल्यावर पोरानं काय सांगायचं? आमच्यात एका पोराचं स्थळ ह्याच प्रश्नावर मोडलं. मुलीच्या मामानं फोनचा कॅलक्युलेटर काढला होता, खरंच.

निवृत्त हवालदार

धागा नातवाने दाखवला. मूळ नाटक वाचलेलं नाही, गोष्ट वाचून मात्र हसलो. श्री. मिरचीकांडप यांना सांगावंसं वाटतं की फौजी इतका नाजूक नसतो.

माझी आई गावभर सांगायची की पोरगा बॉर्डरला आहे. मी त्या वेळी जबलपूरला स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत होतो. सुट्टीवर आल्यावर पारावर कुणीतरी विचारलं, किती गोळ्या झाडल्या? मी खरं ते सांगितलं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. म्हणाली, चारचौघांत माझं नाक कापलंस. मी म्हटलं, खोटं तू बोललीस. त्यावर ती म्हणाली, मी खोटं बोलले नाही, तू कुठं आहेस ते तू लिहिलं नव्हतंस. हे खरं होतं. पत्रात सगळेच 'मी खुशाल आहे' एवढंच लिहायचे. मोकळ्या जागेत घरच्यांनी काय भरायचं ते भरायचे.

भत्त्याचं या ताईंनी बरोबर लिहिलंय. फौजेत लग्न झालं की कागदावर वारस म्हणून आई-वडिलांच्या जागी बायकोचं नाव चढतं. तो फॉर्म भरताना जवान किती घुटमळतो ते मी क्लार्कच्या टेबलाशेजारी बसून पाहिलंय. एकाने तर विचारलं होतं, साहेब, हे पत्र घरी जातं का?

तुमच्या अडचणीवर एक सुचवतो. मी नंतर काँगोला यूएन मिशनवर होतो. आमची ब्रिगेड उत्तर किवूत, आणि पाकिस्तानची पलटण दक्षिण किवूत. दोघांच्या डोक्यावर तीच निळी टोपी. कामाच्या निमित्ताने गाठ पडायची, हात मिळवले जायचे, चहा व्हायचा. चहा त्यांचाही आपल्यासारखाच, दूध भरपूर. आता अशा पोराच्या आईने गावात काय सांगितलं असेल, याचा विचार करा. इंग्लंडच्या राजाशी हात मिळवण्याचं कोडं तुम्हाला तिथे सुटेल.

आणखी एक गंमत. यूएन मिशनचं पदक ९० दिवस तिथे सेवा केली की सगळ्यांनाच मिळतं. आचाऱ्यालाही. पण गावात ते छातीवर लावून उतरलात तर कुणाला काय समजावणार?

पेठेतली पोर

हवालदारकाका, तुम्ही आख्खी एकांकिका लिहून दिलीत की!! 'मोकळ्या जागेत घरच्यांनी भरायचं' हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

विंगेतून

हवालदारसाहेबांना साष्टांग. आता जमीनदाराची जागा पण आपोआप भरते. साखर कारखान्याचा संचालक. स्वतःची भरती अकॅडमी आहे, झेडपीची निवडणूक तोंडावर आहे, आणि त्याची स्वतःची पोरं पुण्यात आयटीत. फौजीची मिरवणूक तोच काढतोय. मूळ नाटकाच्या सुरुवातीला लांबून लष्करी बँड ऐकू येतो, त्याच्या जागी हलगी-घुमकं. सजवलेली जीप स्टेजवर आणायची गरज नाही, फ्लेक्स पुरे: 'पराक्रमी सुपुत्राचे हार्दिक स्वागत', सुपुत्र कोपऱ्यात पासपोर्ट साइज आणि संचालक मध्यभागी पूर्णाकृती.

मिरचीकांडप

फ्लेक्सचं हसायला आलं, नाकारत नाही. पण पाकिस्तानी सैनिकाशी हात मिळवणारा फौजी? त्या क्षणी कुणीतरी उठून ओरडणार. तयारी ठेवा.

तिसरी घंटा

@मिरचीकांडप ओरडणारा प्रेक्षक आईच्या आधी ओरडला तर आमचं नाटक फसलं, हे मान्य. त्याला जे ओरडायचंय ते आईनेच आधी ओरडलं पाहिजे, आणि त्याच्यापेक्षा चांगलं. म्हणून तर ताईंसारखी आई पाहिजे.

काल रात्री बसून तुकडा लिहिला. पोराचं नाव तूर्त संग्राम, आई म्हणजे आक्का.

*(लांबून हलगी. आक्का मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून येते.)*

आक्का : ह्यो कोण?

संग्राम : कुठला?

आक्का : ह्यो. तुझ्या खांद्यावर हात टाकून दात काढायलाय त्यो.

संग्राम : दोस्त हाय.

आक्का : कुठल्या गावचा?

संग्राम : लांबचा हाय.

आक्का : लांबचा म्हंजे? बेळगावचा?

संग्राम : झेलमचा.

आक्का : ह्ये कुठं आलं?

संग्राम : पंजाबात.

आक्का : आपल्या?

*(संग्राम गप्प. हलगी एकदम थांबते.)*

आक्का : वरीस झालं, मी गावाला सांगतोय तू त्यास्नी मारायलायस.

संग्राम : मी कवा म्हनलो तसं?

आक्का : न्हाई म्हनलास. पर तसं न्हाई, असं बी म्हनला न्हाईस.

संग्राम : तू इचारलंच न्हाईस.

आक्का : काय इचारू? जेवलास का, एवढं इचारूस्तवर फोन कट व्हतोय.

*(संचालक हार घेऊन येतात.)*

संचालक : आक्का, पोराला चार वाक्यं शिकवून ठेवलीत न्हवं? माइक चालू हाय.

इथून पुढे दोघंही त्याला भाषण पढवतात. आक्काला गावापुढे तोंड दाखवायचंय, संचालकांना अकॅडमीचे प्रवेश भरायचेत. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघं पहिल्यांदा एका बाजूला येतात आणि पोरगा एकटा पडतो. मूळ नाटकात हे असं नाही. तिथे आई जमीनदारालाही सोलून काढते. पण मला इथे ही युती हवी आहे.

दिग्दर्शकाला वाचून दाखवलं. तो आधी हसला आणि फोनच्या वाक्यावर गप्प झाला. स्वतः पुण्यात हॉस्टेलला राहून आलाय. ताई म्हणाल्या, आता करतो मी! (आमच्याकडच्या बायका 'करतो' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दुरुस्ती सुचवू नये.)

चंदगडी काजू

नाद खुळा! पण तेरेसाचं काय? आणि अग्निवीर गेला का उडत?

निवृत्त हवालदार

अग्निवीर आणि यूएन मिशन एकाच पोरात कोंबू नका, गोंधळ होईल. संग्राम रेग्युलर शिपाई ठेवा. त्याला पेन्शनसाठी पंधरा वर्षं काढावी लागतील, म्हणजे मुलीला गणित आहेच. अग्निवीर हे तिला आलेलं दुसरं स्थळ करा, स्टेजवर न येणारं.

पेठेतली पोर

बरोब्बर. आणि सोन्याच्या साखळीच्या जागी एटीएम कार्ड. संग्रामचं कार्ड आईच्या ब्लाउजमधल्या पाकिटात आहे, पिन आईला पाठ आहे, मिशनच्या पैशातून घरावर स्लॅब पडलाय. मुलीने पेन्शनबद्दल विचारायचंच नाही. तिने लाजत लाजत एवढंच विचारायचं, "कार्ड कुणाजवळ असतंय?" भांडण तिथून पेटवा. पण दोघींपैकी एकीलाही चुकीचं ठरवू नका, पाया पडते.

तिसरी घंटा

घेतलं. कार्ड शंभर टक्के घेतलं. मूळ नाटकात दोन पुरुष बायकांना घरात ढकलून दार लावतात. तो शेवट आज करायचा नाही असं आमच्यात एकमताने ठरलं (एकमत हा आमच्या ग्रुपातला दुर्मिळ प्रकार). आमच्याकडे दोघी भांडत भांडत स्वतःच आत जातात, कारण स्लॅब बघायचाय. बाहेर उरतात संग्राम, संचालक आणि चालू माइक. तो माइकवर काय बोलतो यावर अजून तीन मतं आहेत. दिग्दर्शकाला मोठं भाषण हवंय. मला त्याने फक्त पदक ९० दिवसांत मिळतं एवढं खरं सांगायला हवंय. ताईंचं म्हणणं, आक्काने आतूनच ओरडावं, "आधी जेवून घे, मग बोल!"

विंगेतून

ताईंचं घ्या. शॉसुद्धा तेच घेता. भाषण कापा.

मिरचीकांडप

हे ठीक आहे. माझा विरोध मागे घेतला असं समजू नका, पण प्रयोगाला येईन. शाहू स्मारकला असेल तर पार्किंगचं आधी सांगा.

निवृत्त हवालदार

वेशभूषेची सूचना. पदक डाव्या छातीवर. फ्लेक्सवाले फोटो आरशासारखा उलटा छापतात, मग पदक उजवीकडे जातं. तेवढं तपासून घ्या.

मिरचीकांडप

तपासू नका. उलटाच छापा. आमच्या गावात दरवेळी तसाच छापला जातो.